लष्कर, दूरदर्शन आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ जानेवारीला सोसायटीतलं झेंडावंदन उरकलं की आम्ही सगळे चहा आणि बटाटेवडे घेऊन क्लबरूममधल्या टीव्हीसमोर बसतो. माझं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं. ओबी व्हॅनच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या जागी उभ्या राहणाऱ्या प्रक्षेपणाच्या गाडीच्या, थंडगार डब्यात बसून कानाला हेडफोन लावायचा आणि बाहेर जग काय करतंय ते ऐकायचं, हाच धंदा. त्यामुळे संचलन सुरू झालं की प्रश्न माझ्या दिशेने यायला लागतात. दरवर्षी तेच प्रश्न, आणि वडा हातात असताना धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सवडीने बसून लिहून काढलं.

काका, आपल्या लष्कराची स्वतःची टीव्ही वाहिनी आहे का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, कारण दूरदर्शनवर इतके सैनिक दिसतात की ती वाहिनी त्यांचीच असावी असं वाटतं. पण सैन्यदलं संरक्षण मंत्रालयाकडे आणि दूरदर्शन प्रसार भारतीकडे, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेकडे. प्रसार भारतीचा संबंध माहिती व प्रसारण मंत्रालयाशी. म्हणजे बंदूक एका खात्याची, कॅमेरा दुसऱ्या खात्याचा. मधला पूल म्हणजे संरक्षण खात्याचं जनसंपर्क संचालनालय. मुंबईतही त्यांचा अधिकारी असतो, पत्रकार त्याला नुसतं ‘डिफेन्स पीआरओ’ म्हणतात.

लष्कराचं स्वतःचं माध्यम म्हणाल तर ते छापील आहे. ‘सैनिक समाचार’ हे पाक्षिक १९०९ साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालं, १९५४ मध्ये नाव बदललं, आणि ते मराठीतही निघतं. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त सुभेदारांकडे त्याचे जुने अंक दोरीने बांधून ठेवलेले मी पाहिलेत.

मग इतर देशांत सैन्याच्या वाहिन्या असतात का?

असतात, आणि नाना तऱ्हेच्या असतात.

थायलंडमध्ये चॅनल ५ ही वाहिनी १९५८ पासून थेट तिथल्या भूदलाच्या मालकीची आहे. त्यावर मालिका, खेळ, जाहिराती, सगळं चालतं. म्यानमारमध्ये लष्कराची ‘म्यावाडी’ वाहिनी १९९५ मध्ये सुरू झाली. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २००५ साली ‘झ्वेझ्दा’, म्हणजे ‘तारा’, काढली. तिच्यावर रणगाडे, जुने युद्धपट आणि बातम्या असतात. दक्षिण कोरियातही संरक्षण खात्याची वाहिनी आहे.

चीनचा किस्सा मला फार आवडतो. तिथल्या सरकारी टीव्हीची सातव्या क्रमांकाची वाहिनी कितीतरी वर्षं लष्कर आणि शेती या दोन्ही विषयांना मिळून दिलेली होती. एका तासाला क्षेपणास्त्रं, दुसऱ्या तासाला डुकरांचं खाद्य. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सातवी वाहिनी संपूर्ण संरक्षणाला दिली आणि शेतीची वेगळी काढली. ‘आमची माती, आमची माणसं’च्या मधेच तोफा धडाडल्या असत्या तर आपल्याकडे काय झालं असतं, याची कल्पना करून बघा.

अमेरिकेची आणि ब्रिटनची गोष्ट निराळी. परदेशात तैनात असलेल्या आपल्या सैनिकांना घरची बातमी, घरचा खेळ दिसावा म्हणून त्यांची प्रसारणं चालतात. प्रेक्षक म्हणजे मुख्यतः सैनिक आणि त्यांचं कुटुंब. आपल्याकडे या धाटणीची गोष्ट टीव्हीपेक्षा रेडिओवर झाली. विविध भारतीवरची ‘जयमाला’ फौजी भावांच्या फर्माइशींवरच चालत आली, आणि विविध भारतीचं घर आहे आपल्याच बोरिवलीत. सीमेवरच्या जवानाचं पत्र बोरिवलीला यायचं आणि गाणं परत सीमेवर जायचं.

वाहिनी सैन्याची असली तर बिघडलं काय? शिस्त तरी राहील!

हा प्रश्न विचारणारे जोशीकाका दरवर्षी एकच असतात, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. देशाला ते कळलं कुठून? म्यावाडी टीव्हीवरून. निवेदकाने वाचून दाखवलं की वर्षभरासाठी आणीबाणी लागू केली आहे. वाहिनी घरचीच, त्यामुळे कुणाच्या दारावर लाथ मारायची गरज पडली नाही.

जिथे वाहिनी घरची नसते तिथे सैनिकांना आधी टीव्ही केंद्र गाठावं लागतं. १२ ऑक्टोबर १९९९ ला पाकिस्तानात सैनिक इस्लामाबादच्या टीव्ही केंद्राच्या फाटकावर चढून आत उतरत होते, ते दृश्य आमच्या पिढीला आठवत असेल. मग पहाटेच्या सुमाराला लष्करप्रमुख मुशर्रफ त्याच टीव्हीवर देशाशी बोलले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात सत्ता बळकावू पाहणाऱ्या कटवाल्यांनी टीव्हीवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ हा बॅले लावून ठेवला. लोकांना नाच पाहूनच कळलं की वर काहीतरी भयंकर चाललंय.

२०१६ च्या जुलैमध्ये तुर्कस्तानात तर हे सगळं एका रात्रीत उलटं फिरलं. बंडखोर सैनिकांनी सरकारी वाहिनीच्या निवेदिकेला निवेदन वाचायला लावलं. पण राष्ट्राध्यक्ष एर्दोआन मोबाइलच्या व्हिडिओ कॉलवरून एका खासगी वाहिनीवर प्रकटले. तिथल्या निवेदिकेने फोन हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरला. लोक रस्त्यावर उतरले आणि बंड फसलं. आवाजाच्या माणसाच्या कानाने सांगतो, त्या कॉलचा आवाज अतिशय वाईट होता. पण त्या रात्री तेवढा पुरला.

तर जोशीकाका, माझं मत असं : ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याच्याच हातात प्रक्षेपणाचं बटण असू नये. आपल्याकडे ही दोन्ही कामं दोन वेगळ्या खात्यांत अडकून पडली आहेत. त्यामुळे फायली दोन जागी फिरतात, परवानग्यांना महिने लागतात, आणि आमच्यासारख्यांचा जीव मेटाकुटीला येतो. मी अशाच परवानगीच्या पासासाठी एका कार्यालयाच्या दारात तीन तास उभा राहिलोय, कारण यादीत माझं आडनाव ‘सावंत’ऐवजी ‘सामंत’ असं पडलं होतं. त्या दिवशी मला सगळंच एका खात्याकडे असावं असं वाटलं होतं. घरी येऊन जेवल्यावर मत पूर्ववत झालं.

दूरदर्शन सरकारी आहे की स्वायत्त? नक्की एक काय ते सांगा.

कायद्याने स्वायत्त, पैशाने बराचसा सरकारवर अवलंबून.

दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत आकाशवाणीचं पोर म्हणून जन्मलं. १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळं झालं. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, पण तो अमलात यायला १९९७ उजाडलं. सात वर्षं कायदा कपाटात होता, यावरून काय ते समजा.

त्या कायद्याचं तेविसावं कलम सहसा कुणी वाचत नाही, आणि आपल्या विषयाचं मर्म तिथेच आहे. देशाची अखंडता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी केंद्र सरकार प्रसार भारतीला ‘हे दाखवू नका’ किंवा ‘हे दाखवा’ असा आदेश देऊ शकतं. पण पुढचं ऐका. आदेशावरून काही दाखवलं, तर ‘हे आम्ही सरकारच्या आदेशावरून दाखवत आहोत’ असं जाहीर करायची मुभा प्रसार भारतीला आहे. आणि अशा प्रत्येक आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावी लागते. कायदा लिहिणाऱ्याने खिडकी ठेवली होती. ती उघडायला हात लागतो, एवढंच. फोनवर सांगून काम होत असेल तर लेखी आदेश कोण काढणार?

१९७१ च्या युद्धात मुंबईकरांनी टीव्हीवर काय पाहिलं?

काहीच नाही. मुंबईला टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे युद्ध संपून नऊ-दहा महिने झाल्यावर.

युद्ध आम्ही ऐकलं. मी लहान होतो. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला आणि खाली गल्लीतून ‘लाइट बंद करा’ अशी आरोळी. अंधारात रेडिओची हिरवट पट्टी तेवढी दिसायची आणि चाळीतल्या चार बिऱ्हाडांचे लोक एकाच खोलीत. ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाने कराचीवर हल्ला केला, त्याचीच आठवण म्हणून नौदल दिन त्या तारखेला असतो. ९ डिसेंबरला आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुंबई हे पश्चिम नौदल विभागाचं मुख्यालय, त्यामुळे ती बातमी या शहरात कुणाच्या तरी दारात येऊन उभी राहिली होती. चित्र एकही नव्हतं. तरी कुलाब्याकडच्या जुन्या लोकांशी बोललात तर त्यांना ती रात्र डोळ्यांसमोर दिसते.

रंगीत आणि थेट संचलन कधीपासून?

१५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग, दोन्ही एकदमच आले. त्या वर्षअखेरीला आशियाई खेळ होते, म्हणून ही सगळी धावपळ. ३ एप्रिल १९८४ ला हवाई दलाचे स्क्वॉड्रन लीडर राकेश शर्मा अंतराळात गेले, आणि तिथून त्यांचं इंदिरा गांधींशी झालेलं बोलणं घराघरात दिसलं. वरून भारत कसा दिसतो, या प्रश्नाला त्यांनी ‘सारे जहाँ से अच्छा’ म्हटलं. गणवेशातल्या माणसाचं दूरदर्शनवरचं सगळ्यात लक्षात राहिलेलं वाक्य तेच असावं, आणि त्यात युद्धाचा शब्द नाही.

तोफांची सलामी टीव्हीवर फुसकी का वाटते?

शाब्बास! हा माझ्या धंद्यातला प्रश्न. हा अजून कुणी विचारला नव्हता, गेल्या वर्षी बी विंगमधल्या आठवीतल्या मुलीने विचारला.

सलामीत २१ तोफा नसतात. सात तोफा प्रत्येकी तीन वेळा डागतात. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, आणि एकवीस बार त्या बावन्न सेकंदांतच बसवायचे असतात. म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच सेकंदाला एक बार. २०२३ पासून त्यासाठी देशी बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफा वापरतात. त्याआधी ब्रिटिश काळातल्या पंचवीस पौंडी होत्या.

आता आवाजाचं गणित बघा. त्याच वेळी बँड राष्ट्रगीत वाजवत असतो. बँडचा माइक बासरीही ऐकू यावी इतका उघडावा लागतो. त्या उघड्या माइकमध्ये तोफ शिरली तर नुसता कर्रर्र असा फाटका आवाज येईल. म्हणून तोफांचा माइक वेगळा, लांब, आणि पॅनलवर त्याला लिमिटर लावलेला. लिमिटर म्हणजे दारावरचा पहारेकरी : एका मर्यादेपेक्षा मोठा आवाज आला की त्याचं डोकं खाली दाबतो. प्रक्षेपणाच्या साखळीत असे पहारेकरी जागोजाग बसलेले. शेवटी तुमच्या टीव्हीचा स्पीकर बोटभर, आणि तोही मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. तोफ फुसकी होणार नाही तर काय होईल?

मैदानात उभं राहिलात तर तोफ आधी पोटात लागते, मग कानात. ते पोटातलं टीव्हीवर येत नाही.

विमानाच्या आतून काढलेली दृश्यं खरी असतात की आधीची?

२०२२ च्या संचलनात पंचाहत्तर विमानांचं उड्डाण झालं, तेव्हापासून कॉकपिटमधली दृश्यं प्रक्षेपणात यायला लागली. हवाई दल आणि दूरदर्शन यांनी मिळून ते बसवलं. त्यातलं थोडं सरावात टिपलेलं असू शकतं, आणि त्यात लबाडी काही नाही. ढग दिल्लीचे आहेत, ते आदेश पाळत नाहीत.

सगळ्या वाहिन्यांवर एकच चित्र का दिसतं?

कारण ते एकच असतं. कर्तव्यपथावर कॅमेरे दूरदर्शनचे. बाकीच्या वाहिन्या तेच चित्र घेतात, वर आपला निवेदक आणि खाली आपली पट्टी चढवतात. मूळ चित्राला आम्ही क्लीन फीड म्हणतो. त्यात बोलणं नसतं, नुसते बूट, बँड आणि घोड्यांच्या टापा. एकदा तरी तसं ऐकायला मिळावं असं मला फार वाटतं, पण निवेदकांना गप्प बसवणार कोण?

मराठा लाइट इन्फंट्री नेमकी कधी दिसते? आई दरवर्षी चुकवते.

दरवर्षी प्रत्येक रेजिमेंटची तुकडी असतेच असं नाही, आणि क्रमही बदलतो. त्यामुळे आईंना सांगा, चहा आधीच करून ठेवा. या रेजिमेंटचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो, केंद्र बेळगावला. त्यांची रणगर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. ती तुकडी आली की आमच्या क्लबरूममध्येही गर्जना होते आणि निवेदकाचं ऐकू येणं बंद होतं. चित्ररथाचं म्हणाल तर महाराष्ट्राला २०१५ मध्ये पंढरीच्या वारीसाठी आणि २०१८ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी पहिला क्रमांक मिळाला. ही चित्ररथांची निवडही संरक्षण मंत्रालयच करतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मुंबईत प्रत्यक्ष काय बघता येईल?

२६ जानेवारीला आणि १ मेला शिवाजी पार्कवर राज्यपालांसमोर संचलन असतं, ते सह्याद्री वाहिनीवर दिसतं. २०१४ मध्ये ते मरीन ड्राइव्हवर केलं होतं. पण माझं मन विचाराल तर नौदल दिनाच्या सुमाराचा गेटवे ऑफ इंडियाचा कार्यक्रम. बीटिंग रिट्रीट आणि टॅटू, म्हणजे बँड, कवायती आणि प्रात्यक्षिकांचा लष्करी सोहळा.

तिथे मी एका वर्षी आवाजाला होतो. संध्याकाळची खारी हवा, माइकवर केसाळ कव्हर घातलेलं, केबलींवर गोणपाटं अंथरलेली, म्हणजे कूच करणाऱ्या बुटांखाली काही अडकू नये. बँड सुंदर वाजत होता. मी ढोलाच्या बाजूचा माइक पाण्याकडे तोंड करून लावला होता आणि स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात समुद्रावरून हेलिकॉप्टर आलं. त्यातून मरीन कमांडो दोरावरून सरसर उतरले, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि पंख्याच्या वाऱ्याने माझं केसाळ कव्हर उडून गेलं ते थेट अरबी समुद्रात. पुढची दोन मिनिटं हेडफोनमध्ये वादळाशिवाय काही नव्हतं. शेजारच्या माइकवर उडी मारून निभावून नेलं. सी कॅडेटांची पोरं हॉर्नपाइप हा खलाशांचा नाच करायला आली तेव्हा कुठे जीवात जीव आला. शेवटी अंधारात नांगरलेल्या जहाजांवर दिव्यांच्या माळा लागतात, तेव्हा सगळं गेटवे क्षणभर गप्प होतं. ती शांतता मात्र माझ्याकडे नीट टिपली गेली.

जाण्याआधी एवढं बघा की त्या वर्षी कार्यक्रम कुठे आहे. २०२३ मध्ये नौदल दिनाचा मुख्य सोहळा मालवणजवळ तारकर्लीला झाला, २०२४ मध्ये ओडिशात पुरीला.

२६/११ ला टीव्हीने नक्की काय चूक केली? मुलं विचारतात.

हे उत्तर मी टाळत आलो.

२८ नोव्हेंबर २००८ ची सकाळ. कुलाब्यात नरिमन हाऊसपासून थोड्या अंतरावर एका वाहिनीची गाडी उभी होती, आणि आवाजाला मी होतो. दोन रात्री झोप नव्हती. हेलिकॉप्टर आधी ऐकू आलं, मग दिसलं. एनएसजीचे, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, कमांडो दोरावरून गच्चीवर उतरू लागले. कानात स्टुडिओतून सांगत होते, ‘आवाज कमी करू नका, मस्त येतोय.’ मी कमी केला नाही. उलट पंख्याची धडधड जरा वर घेतली. काम चोख केलं. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसंच माणसं होती, त्यांच्याबरोबर सगळा देश बघत होता.

आणि कराचीत बसलेलेही बघत होते. हल्लेखोरांच्या फोनवरची संभाषणं नंतर न्यायालयात आली. पलीकडचे लोक टीव्हीवर दिसणारं आतल्या हल्लेखोरांना सांगत होते. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावलं. या प्रक्षेपणाने ना देशाचं हित साधलं ना समाजाचं, त्यात फायदा होता तो वाहिन्यांच्या धंद्याचा, असा त्याचा आशय होता. निकालाचा तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचलाय. नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंदरसिंग गेले, ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन. आमच्या चित्रामुळे नेमकं काय झालं आणि काय झालं नाही, हे मोजायला माझ्याकडे माप नाही. धडधड वर घेतली होती, हे मात्र पक्कं आठवतं.

आता नियम काय आहे?

२०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत भर घातली गेली : दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायचं नाही. नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देईल, कारवाई संपेपर्यंत तेवढंच द्यायचं. नियम चांगला आहे. पण नियम लावणाऱ्याचा हातही बघावा लागतो. २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरच्या हल्ल्याच्या वार्तांकनावरून एका हिंदी वृत्तवाहिनीला एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवायचा आदेश निघाला. गदारोळ झाल्यावर तो स्थगित करावा लागला.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने पुन्हा सूचना काढली की संरक्षण कारवायांचं आणि सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण नको. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं. त्या दिवसांत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी समोर बसून शांतपणे माहिती दिली. त्याच वेळी काही खासगी वाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगत होत्या, आणि ते खरं नव्हतं. आवाजाचा माणूस म्हणून आणखी एक : स्टुडिओत बातम्यांच्या मागे भोंगे वाजवत होते. शेवटी नागरी संरक्षण खात्याला सांगावं लागलं की खरे भोंगे लोकांनी ओळखायला हवेत, कार्यक्रमात वाजवू नका. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो, संपादकांना सांगायची राहिली.

कारगिलच्या वेळी काय दाखवत होते?

१९९९ चं कारगिल हे आपल्याकडचं टीव्हीवर दिसलेलं पहिलं युद्ध. दूरदर्शनबरोबर खासगी वाहिन्यांचे वार्ताहरही द्रासपर्यंत पोहोचले, आणि कॅप्टन विक्रम बत्रांसारख्या अधिकाऱ्यांना लोकांनी थेट त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्याच काळात सरकारने केबलवर पीटीव्ही ही पाकिस्तानची सरकारी वाहिनी दाखवायला बंदी घातली. आमच्या केबलवाल्याने त्या जागी भक्तिगीतांची वाहिनी लावली होती.

सैनिक टीव्हीवर मुलाखत देऊ शकतो का? माझा पुतण्या भरती झालाय.

परवानगीशिवाय नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकार संसदेला दिलाय, आणि वृत्तपत्रांशी, माध्यमांशी बोलण्यावर त्यानुसार बंधनं आहेत. २०२० मध्ये लष्कराने आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं. पुतण्याचा गणवेशातला फोटो तुम्ही कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकता, त्यात मागे पाटी आणि ठिकाण दिसत नाही ना, तेवढं बघा.

मालिकेत किंवा एकांकिकेत लष्करी गणवेश वापरायचा असेल तर?

एकांकिकेत घाला खुशाल. ‘मी खरा सैनिक आहे’ असं लोकांना भासवायला घालणं हा गुन्हा, रंगमंचावर नाही. चित्रपट किंवा वेब मालिकेचं मात्र वेगळं. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला लिहिलं की लष्करावरच्या कलाकृतींसाठी निर्मात्यांना आधी ना हरकत घ्यायला सांगा. मला हे फारसं पटत नाही. गणवेशाची बटणं चुकू नयेत म्हणून सल्ला घ्यावा, गोष्टीची परवानगी कशाला? १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘फौजी’ आली, शाहरुख खान तिच्यातून घरोघरी पोहोचला. ती दिग्दर्शित केली होती कर्नल राज कुमार कपूर यांनी. फौजेत राहिलेल्या माणसाच्या हातात काम असलं की सॅल्यूट आपोआप बरोबर होतो.

आमच्या गच्चीवरून नौदलाची जहाजं दिसतात. ड्रोनने शूट करू?

नको. खरंच नको.

दूरदर्शनवर सैन्यावर टीका कधीच का दिसत नाही?

शौर्य दाखवायला दोन्ही खाती खुशीने एकत्र येतात. जवानाच्या जेवणाची तक्रार, पेन्शनचा वाद, खरेदीतला घोळ, हे दाखवायला दोन्हींपैकी कुणाचीच फाइल हलत नाही. त्या बातम्या वर्तमानपत्रांनी आणि खासगी वाहिन्यांनी काढल्या. दूरदर्शनच्या माणसांत धमक नाही असं मी म्हणणार नाही. श्रीनगर केंद्राचे संचालक लस्सा कौल यांना १३ फेब्रुवारी १९९० ला अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या, ते याच खात्याचे होते. तिथली माणसं त्यानंतरही कामावर जात राहिली.

जुनी संचलनं, जुने कार्यक्रम कुठे पाहता येतील?

यूट्यूबवर प्रसार भारतीच्या संग्रहाची वाहिनी आहे, तिथून सुरुवात करा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्यांचं ‘वेव्ह्ज’ हे ॲपही आहे. त्याआधीचं, टीव्हीपूर्व काळातलं बघायचं तर फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट. पेडर रोडला त्यांच्याच आवारात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, रविवारी पोरांना घेऊन जा. सुरुवातीच्या वर्षांतलं पुष्कळ मात्र कायमचं गेलं. टेप महाग होत्या, एक कार्यक्रम झाला की पुसून तिच्यावरच दुसरा घ्यायचे. अशा पुसलेल्या टेपवर कधीकधी नव्या गाण्याच्या आधी अर्धा सेकंद जुनं काहीतरी उरलेलं असायचं. माझ्याकडे एकदा एक आली होती, तिच्यात कुणाचा तरी ‘दाहिने देख’ एवढाच आवाज होता.